जुनं वेम्ब्ली: मनोऱ्यांना पाच तारे, खुर्चीला दोन

लंडनच्या जुन्या वेम्ब्ली स्टेडियमला पाचपैकी अडीच तारे, आणि त्यातला एक आख्खा तारा नुसत्या दोन मनोऱ्यांचा. फुटबॉलच्या पंढरीला इतके कमी गुण? हो. वारकरी उन्हापावसाची आणि रेटारेटीची तक्रार करत नाही, म्हणून तिथे सोय उत्तम असते असं थोडंच आहे! १९२३ ते २००० या ७७ वर्षांत लोकांनी वेम्ब्लीच्या आठवणी जपल्या आणि तक्रारी गिळल्या. इथे त्या गिळलेल्या तक्रारींचा हिशेब आहे. तिकीट काढून आत आलेल्या माणसाला काय मिळत होतं, काय बिघडत होतं आणि का, एवढंच पाहायचं आहे.

सगळ्या दुखण्यांचं मूळ एकच. हे स्टेडियम फुटबॉलसाठी म्हणून उभं राहिलंच नाही. १९२४-२५ च्या ब्रिटिश साम्राज्य प्रदर्शनाची शोभा म्हणून ते बांधलं, म्हणूनच मूळ नाव 'एम्पायर स्टेडियम'. प्रदर्शन संपल्यावर त्याचा खर्च कुत्र्यांच्या शर्यतींनी भागवला. फुटबॉल इथे शेवटपर्यंत पाहुणा राहिला. मान मोठा, पण घर दुसऱ्याचं.

जागेचा पूर्वेतिहासही फारसा शुभ नाही. मेट्रोपॉलिटन रेल्वेचे अध्यक्ष सर एडवर्ड वॉटकिन यांना इथे आयफेलपेक्षा उंच मनोरा उभारायचा होता. पहिला टप्पा कसाबसा झाला, १८९६ साली लोकांसाठी उघडला, पाया खचू लागला, पैसे आटले आणि १९०७ साली उरलासुरला सांगाडा सुरुंग लावून पाडला. 'वॉटकिनचा खुळेपणा' हे नाव तेवढं मागे राहिलं. त्या मनोऱ्याचा पाया नव्या स्टेडियमच्या खोदकामात पुन्हा सापडला. म्हणजे या टेकाडावर पाडापाडी झाली ती दोनदा.

बांधकामाला मात्र पूर्ण गुण. ३०० दिवस, साडेसात लाख पौंड आणि प्रबलित काँक्रीट, तेही अशा काळात जेव्हा ब्रिटनमध्ये एवढी मोठी इमारत काँक्रीटमध्ये करणं धाडसाचं होतं. वास्तुरचना जॉन सिम्प्सन आणि मॅक्सवेल एअर्टन यांची, अभियंते ओवेन विल्यम्स, ठेकेदार रॉबर्ट मॅकअल्पाइन. ठरल्या तारखेच्या आत काम पुरं झालं. जुनं पाडून याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या वेम्ब्लीची रखडलेली कहाणी ठाऊक असलेल्यांना हे वाक्य परीकथेतलं वाटेल.

उद्घाटनाची व्यवस्था मात्र शून्य गुणांची. २८ एप्रिल १९२३, इंग्लंडमधल्या क्लबांच्या 'एफए कप' स्पर्धेची अंतिम लढत, बोल्टन वाँडरर्स विरुद्ध वेस्ट हॅम. अधिकृत आकडा १,२६,०४७ प्रेक्षकांचा. प्रत्यक्षात आत दोन लाखांच्या वर माणूस होतं असा अंदाज नेहमी दिला जातो. चूक कुठे झाली? त्याआधीचे तीन अंतिम सामने लंडनच्याच स्टॅमफर्ड ब्रिज मैदानावर झाले होते आणि तिथे मैदान काही ओसंडून वाहिलं नव्हतं. त्यामुळे एवढं मोठं स्टेडियम भरणारच नाही असं धरून बहुतेक जागांची तिकिटं आधी विकलीच नाहीत. दारावर पैसे टाका आणि आत या. त्यात एक संघ लंडनचाच, ऊन छान पडलेलं आणि स्टेडियमजवळचं नवं रेल्वे स्थानकही त्याच दिवशी सुरू झालेलं. दारं पावणेदोनच्या सुमारास बंद केली, तेव्हा लोक भिंतींवरून आत उतरले. बसण्याच्या जागा आधी पैसे भरून घेतलेल्या लोकांना आपल्या खुर्चीपर्यंत पोचताच आलं नाही आणि त्यांचे पैसे परत द्यावे लागले.

तीनचा सामना पावणेचारच्या आसपास सुरू झाला, तोही हवालदार जॉर्ज स्कोरी यांच्या बिली नावाच्या घोड्यामुळे. घोडा करड्या रंगाचा होता, पण त्या काळच्या कृष्णधवल फिल्मवर तो पांढराशुभ्र दिसला आणि लढतीचं नाव 'व्हाइट हॉर्स फायनल' पडलं. खेळ चालू असताना लोक थेट सीमारेषेला चिकटून उभे होते, चेंडू त्यांच्या अंगावर आपटून परत यायचा. मध्यंतरात संघांना ड्रेसिंग रूमपर्यंत जाता आलं नाही. दुसऱ्याच मिनिटाला डेव्हिड जॅकने गोल केला, बोल्टनने २-० असा सामना जिंकला. एवढ्या गर्दीत कोणी दगावलं नाही हे नशीब म्हणायचं, नियोजन नव्हे. पुढच्या वर्षापासून अंतिम सामना आगाऊ तिकिटावरच होऊ लागला. हा धडा वेम्ब्लीने सगळ्या जगाला दिला, स्वतः ठेच खाऊन.

आता कुत्री. प्रदर्शन संपलं तेव्हा हा पांढरा हत्ती कोणालाच नको होता. प्रदर्शनात तंबाखूच्या टपऱ्या चालवणारा आर्थर एल्विन पुढे आला. आधी त्याने प्रदर्शनातल्या इमारती विकत घेऊन पाडल्या, त्यांचं सामान विकलं, आणि १९२७ साली स्टेडियमच हाती घेतलं. डिसेंबर १९२७ मध्ये ग्रेहाउंड शर्यती सुरू झाल्या. पहिल्या रात्री सुमारे ५०,००० माणूस आलं. १९२९ पासून स्पीडवेच्या मोटारसायकली आल्या. एल्विन नसता तर जुनं वेम्ब्ली विशीही न गाठता भंगारात गेलं असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, तसं झालं. मैदानाभोवती शर्यतीचा पट्टा आला तो कायमचा, आणि प्रेक्षक खेळापासून तेवढा लांब गेला.

लाथ किती गोड होती ते १९६६ मध्ये दिसलं. विश्वचषक घरात, आणि १५ जुलैचा उरुग्वे-फ्रान्स सामना वेम्ब्लीवर होऊ शकला नाही, कारण शुक्रवार म्हणजे शर्यतीची रात्र आणि मालकांनी ती रद्द करायला नकार दिला. सामना लंडनमधल्याच व्हाइट सिटी स्टेडियमला हलवावा लागला. गंमत अशी की व्हाइट सिटीवरही कुत्र्यांच्याच शर्यती व्हायच्या. फक्त त्या रात्री नव्हत्या, इतकंच.

'राष्ट्रीय स्टेडियम' या पाटीचंही परीक्षण करावं लागेल. सुरुवातीची जवळजवळ तीन दशकं इंग्लंडचा संघ इथे फक्त स्कॉटलंडशी खेळत असे, तेही एक वर्षाआड. बाकीचे घरचे सामने क्लबांच्या मैदानांवर. स्कॉटलंड सोडून दुसरा देश इंग्लंडशी अधिकृत सामना खेळायला वेम्ब्लीवर पहिल्यांदा आला तो मे १९५१ मध्ये, अर्जेंटिना. नोव्हेंबर १९५३ मध्ये हंगेरीने इथे येऊन ६-३ असं धुतलं, तेव्हा या मैदानाला राष्ट्रीय म्हणून जेमतेम अडीच वर्षं झाली होती. जागेची मालकी तर १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत खासगी कंपनीकडेच होती, फुटबॉल संघटनेकडे नाही. भाडेकरू भिंतीला खिळा ठोकतानाही विचारतो; इथे तर सगळं छप्परच दुसऱ्याचं.

छप्पर म्हटल्यावर १९६३ चं काम आलं. त्याआधी निम्म्याहून जास्त प्रेक्षक उघड्यावर भिजायचे. सुमारे पाच लाख पौंड खर्चून पूर्ण वर्तुळभर छत आलं आणि एक लाख माणूस कोरडं बसू-उभं राहू लागलं. त्या काळात ही मोठी गोष्ट होती, गुण द्यायलाच हवेत. पण छताला आधार हवा आणि तो आधार म्हणजे प्रेक्षकांमधले खांब. खांबामागे जागा आली की एक गोलपोस्ट कायमचा गुल. आजची छतं मागच्या टोकाला धरून पुढे अधांतरी काढतात किंवा कमानीला टांगतात, म्हणून मध्ये खांब येत नाही. जुन्या छताला ही सोय नव्हती. त्याचं वजन खाली कुठेतरी उतरणं भागच होतं.

बैठक हा वेम्ब्लीचा सगळ्यात कच्चा विषय, आणि त्यातलं गणित समजून घेण्यासारखं आहे. समोरच्याच्या डोक्यावरून दिसायचं असेल तर तुमची नजरेची रेषा त्याच्या डोक्यापेक्षा काही मिलीमीटर वरून जावी लागते. ६० मिमी म्हणजे अगदीच काठावर, ९० ठीक, १२० उत्तम. हे अंतर दोन गोष्टींवर ठरतं: पायऱ्यांचा चढ आणि पहिली रांग मैदानापासून किती लांब व किती उंच आहे. वेम्ब्लीची खालची बैठक सपाट उताराची, कारण ती उभं राहणाऱ्यांसाठी केली होती. उभा माणूस मान वाकडी करतो, टाचा उंचावतो, अर्धा पाऊल सरकतो. बसलेल्याला यातलं काहीच जमत नाही.

१९८९ मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर चौकशीचा टेलर अहवाल आला आणि मोठ्या मैदानांवर उभं राहणं बंद झालं. वेम्ब्लीने १९९० पर्यंत सगळीकडे आसनं बसवली, पण पायऱ्या जुन्याच ठेवून. उभं राहायच्या पायरीची खोली साधारण ३५० ते ४०० मिमी असते. बसायच्या रांगेला ७०० च्या खाली भागत नाही, ७६० असेल तर गुडघे सुटे राहतात. म्हणजे दोन पायऱ्या मिळून एक रांग. रांगा झाल्या, चढ मात्र तोच मवाळ राहिला. परिणाम ठरलेला: पुढचा एक माणूस उठला की त्याच्या मागची पूर्ण फळी उठणार, आणि गोल नेमका त्याच क्षणी होणार. पाय ठेवायला जागा अरुंद, पाठ टेकायची सोय बऱ्याच भागात नाममात्र. त्यात छताखाली 'ऑलिंपिक गॅलरी' नावाची वरची चिंचोळी ओळ टांगली. तिथून खेळाची मांडणी छान कळायची, खेळाडूचा चेहरा मात्र विसरा. क्षमता १,२७,००० वरून एक लाख, मग ९२,००० आणि शेवटी ८०,००० च्या घरात आली. माणसं कमी झाली, सोय वाढली नाही.

सगळ्यात पुढच्या रांगांचे पैसे तर वायाच. पट्ट्याच्या पलीकडे, जवळजवळ गवताच्या पातळीवरून पाहिलं की खोली कळत नाही. पलीकडच्या बाजूचा पास ऑफसाइड होता की नाही, हे तिथून सांगणारा एकतर ज्योतिषी किंवा थापाड्या. मधल्या उंचीची, खांबांच्या पुढची आणि मध्यरेषेजवळची जागा मिळाली तरच वेम्ब्ली पैसे वसूल करून द्यायचं, आणि त्या जागा सहसा साध्या प्रेक्षकाच्या वाट्याला येत नसत.

आता गवत, ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं गेलं. मैदान ११५ यार्ड लांब आणि ७५ यार्ड रुंद. वर्षाला फुटबॉलचे सामने मोजकेच, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यात इतर मैदानांवर चिखल किंवा टणक माती उरलेली असताना वेम्ब्ली गालिच्यासारखं दिसायचं. दिसायला पाच तारे. खेळायला वेगळीच गोष्ट. दाट गवत आणि त्याखाली मुळांचा स्पंजासारखा थर असला की पाऊल दाबलं जातं, उसळी परत मिळत नाही, प्रत्येक पावलाला पोटरी जास्त राबते. म्हणून वेम्ब्लीवर जादा वेळ सुरू झाला की खेळाडू पोटरीला गोळा आला म्हणून आडवे पडलेले दिसायचे, आणि सोबती त्यांचे पाय ताणून देताना दिसायचे. दुसरा धोका बुटाच्या खिळ्यांचा. दाट गवतात खिळे रुतले की पाऊल जागेवर राहतं आणि अंग वळतं. वळायला उरतो तो फक्त गुडघा.

१९५० च्या दशकात अंतिम सामन्यांतल्या दुखापतींची मालिका 'वेम्ब्लीचा शाप' म्हणून गाजली, तिचं अर्धं उत्तर इथे आहे. १९५२ च्या अंतिम सामन्यात आर्सेनलच्या वॉली बार्न्सचा आणि १९५५ मध्ये मँचेस्टर सिटीच्या जिमी मेडोजचा गुडघा असाच वळताना गेला. पण सगळं खापर गवतावर फोडणं अन्याय आहे. १९५६ मध्ये सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेचं हाड मोडलेल्या अवस्थेत शेवटपर्यंत खेळला, तो धडकेने. १९५७ मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या रे वूडचा गालफडाचा अस्थिभंगही धडकेनेच. खरी गोम नियमात होती. बदली खेळाडू नव्हता. एक जखमी झाला की दहा जणांत सामना, आणि हरलेला संघ आठवणीत राहणार. एफए कपच्या अंतिम सामन्यात पहिला बदली खेळाडू उतरला १९६८ साली, आणि शापही हळूहळू विरला. शापाला उतारा म्हणजे बाकावर बसलेला बारावा माणूस!

गवत बिघडलं ते माणसांमुळे नाही, घोड्यांमुळे. साठच्या दशकाच्या अखेरीस या हिरवळीवर घोडेस्वारीचे कार्यक्रम झाले आणि ११ एप्रिल १९७० च्या चेल्सी-लीड्स अंतिम सामन्याला मैदान म्हणजे वाळू टाकलेलं शेत झालं होतं. लीड्सच्या जॅक चार्ल्टनचा हेडर गोलरेषेजवळ आपटला, उसळलाच नाही आणि बचावपटूंच्या पायांखालून आत गेला. २-२ अशी बरोबरी, आणि वेम्ब्लीच्या इतिहासात पहिल्यांदा कपची फेरलढत, तीही मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर. एका सोहळ्याच्या भाड्यासाठी मुख्य पीक बुडवलं, असा व्यवहार शेतकऱ्याने केला असता तर गावाने वेड्यात काढलं असतं.

याच गवतावर १२ ऑगस्ट १९४८ ला हॉकीचीही ऑलिंपिक अंतिम लढत झाली. फुटबॉलचं दाट गवत हॉकीच्या चेंडूला अजिबात पोषक नाही, पण भारताने ब्रिटनला ४-० असं हरवलं, स्वातंत्र्याला वर्षही पूर्ण झालं नसताना आणि 'एम्पायर' नावाच्या स्टेडियममध्ये. या एका दुपारसाठी आम्ही अर्धा तारा मुद्दाम वाढवला आहे. परीक्षणात पक्षपात नसावा म्हणतात, असू द्या.

१९४८ च्या ऑलिंपिकने आणखी एक चांगली गोष्ट दिली, ती म्हणजे वेम्ब्ली पार्क स्थानकापासून स्टेडियमपर्यंतचा सरळ रुंद रस्ता, ऑलिंपिक वे. त्याच्या बांधणीत जर्मन युद्धकैद्यांचे हात लागले होते. स्थानकातून उतरल्याबरोबर समोर १२६ फुटी पांढरे जुळे मनोरे, आणि त्यांच्याकडे सरकत जाणारी गर्दी. आगमनाचा हा अनुभव जगातल्या फार थोड्या मैदानांनी दिला. आत शिरल्यावर जे मिळायचं त्याच्यापेक्षा हे चालणंच सरस होतं. परतीची गोष्ट निराळी. तोच रस्ता, तीच गर्दी, सगळी एकाच वेळी आणि एकाच स्थानकाकडे.

शाही कक्षाकडे चढणाऱ्या ३९ पायऱ्याही आवडण्यासारख्या. विजेता संघ चिखलाने माखलेल्या कपड्यांत प्रेक्षकांच्या मधून चढायचा, लोक पाठीवर थापा मारायचे, टोप्या आणि मफलर गळ्यात टाकायचे. नव्या स्टेडियममध्ये या पायऱ्या १०७ झाल्या. दमलेल्या खेळाडूला विचारा, कोणत्या बऱ्या.

स्वच्छतागृहं मात्र जुन्या काँक्रीटला साजेशीच. संख्या अपुरी, मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत रांग संपत नसे, आणि स्त्रियांची सोय तर पुरुषी गर्दी गृहीत धरून केलेली. ७ ऑक्टोबर २००० ला शेवटचा सामना झाला. पावसात जर्मनीने इंग्लंडला १-० असं हरवलं, डिटमार हामानच्या लांबून मारलेल्या फ्री किकवर. त्यानंतर इंग्लंडचे प्रशिक्षक केविन कीगन यांनी राजीनाम्याचं बोलणं ड्रेसिंग रूमलगतच्या स्वच्छतागृहात केलं. एकांतासाठी स्टेडियममध्ये दुसरी जागाच नव्हती. नव्या वेम्ब्लीने उघडताना पहिला डंका पिटला तो २,६१८ शौचकूपांचा, यात सगळं आलं.

दुरुस्ती का नाही केली, मनोरे का नाही वाचवले, हा प्रश्न अजून विचारला जातो. इमारत वारसा यादीत होती, मनोरे हलवण्याचेही विचार झाले. अडचण सामग्रीची. दगडाचे किंवा विटांचे असते तर क्रमांक घालून सुटे करता आले असते. एकसंध ओतलेलं काँक्रीट सुटं होत नाही, फक्त तुटतं. आणि बैठकीचा चढ बदलायचा म्हणजे पायापासून वाटी नवी करायची. मग जुन्यातलं उरतं काय? निर्णय बरोबर होता, अंमलबजावणी ढिसाळ. कुलूप २००० साली लागलं, पैशांची जुळणी रेंगाळली आणि पाडकाम सुरू झालं सप्टेंबर २००२ अखेर. मनोरे पडले २००३ च्या सुरुवातीला. मधली दोन वर्षं स्टेडियम रिकामं उभं. नवं बांधकाम सुमारे ८० कोटी पौंडांवर गेलं, २००६ चा कप हुकला, दारं उघडली मार्च २००७ मध्ये. तोवर २००१ ते २००६ असे सहा अंतिम सामने वेल्समधल्या कार्डिफला.

नव्यात ९०,००० जागा, खांब एकही नाही, कारण छताचं ओझं १३३ मीटर उंच कमानीवर आहे. दृश्य, गुडघे, रांगा, सगळ्यात नवं सरस. एका बाबतीत मात्र जुनं जिंकतं: गवत. नव्या उंच वाटीत ऊन आणि वारा पुरेसा पोचत नव्हता. पहिल्या तीन वर्षांत हिरवळ पुन्हा पुन्हा बदलावी लागली आणि २०१० मध्ये कृत्रिम धागे विणलेली संमिश्र हिरवळ आणावी लागली. जुन्या वेम्ब्लीच्या माळ्यांनी हे वाचलं असतं तर मिशीत हसले असते.

जुन्यातलं काही पाहायचं असेल तर स्टेडियमच्या दर्शनफेरीत १९६६ च्या अंतिम सामन्यातला क्रॉसबार ठेवला आहे, ज्याला लागून इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा चेंडू रेषेवर की रेषेपार हा वाद अजून मिटलेला नाही. स्टेडियमच्या दक्षिणेच्या स्थानकावर २००८ साली बांधलेला पादचारी पूल बिली घोड्याच्या आठवणीत 'व्हाइट हॉर्स ब्रिज' म्हणून ओळखला जातो. आणि एका मनोऱ्याचा काँक्रीटचा मुकुट लंडनच्या ब्रेंट भागात, सेंट राफेल्स वसाहतीतल्या ओव्हरटन क्लोजजवळच्या बागेत उभा आहे. तिथे तिकीट नाही, रांग नाही, आणि समोर कोणाचं डोकं आडवं येत नाही.